हार्ट रेट मॉनिटर नसताना व्यायामाच्या कॅलरी कशा काढायच्या?

प्रश्न थोडक्यात असा: वजन 70 किलो. ट्रेडमिलवर 40 मिनिटं चालणं, वेग ताशी 6 किलोमीटर, चढ 5 टक्के. मशीन म्हणतं 360 कॅलरी, खिशातल्या फोनचं ॲप म्हणतं 190. छातीचा पट्टा नाही, घड्याळ नाही. यातलं खरं काय धरायचं? आणि वजनं उचलायच्या किंवा पोहायच्या दिवशी काय करायचं?

दोन्ही आकडे बाजूला ठेवा. त्या 40 मिनिटांत तुमच्या शरीराने साधारण 315 कॅलरी वापरल्या आणि त्यातल्या 265च्या आसपास चालण्यामुळे गेल्या. हे मी तुमची नाडी न बघता सांगतोय, तरीही या आकड्यावर माझा मशीनपेक्षा आणि ॲपपेक्षा जास्त भरवसा आहे. तो कसा काढला ते सांगतोच, पण त्याआधी मॉनिटर नसल्याची खंत मनातून काढून टाका.

हृदयगती मोजणारं कुठलंही यंत्र कॅलरी मोजत नाही. ते ठोके मोजतं आणि ठोक्यांवरून अंदाज बांधतं. कॅलरीचा खरा हिशोब ऑक्सिजनमध्ये असतो. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण 5 किलोकॅलरी खर्च होतात. रोजच्या बोलण्यात आपण किलोकॅलरीलाच कॅलरी म्हणतो, इथेही तसंच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए आणि त्याचा सहकारी सेगँ यांनी 18व्या शतकाच्या अखेरीस, माणूस बसलेला असताना आणि काम करत असताना किती ऑक्सिजन ओढतो, हे मोजलं होतं. आजही प्रयोगशाळेत तोंडावर मास्क चढवून तेच मोजतात. एकसारख्या गतीने चालताना-धावताना हृदयगती ऑक्सिजनच्या बरोबरीने वर जाते, म्हणून तिचा उपयोग होतो. पण उकाड्यात, झोप अपुरी असताना, पाणी कमी पडल्यावर, कडक कॉफी प्यायल्यावर किंवा मनावर ताण असताना ठोके वाढतात आणि ऑक्सिजन मात्र तेवढाच लागतो. तासभर एकाच वेगाने धावलात तरी शेवटच्या 20 मिनिटांत नाडी हळूहळू चढत जाते. काम काडीचंही वाढलेलं नसतं. बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयाचे ठोके कमी ठेवणारी, गोळी घेणाऱ्याचं गणित तर उलट्या बाजूने फसतं.

2017 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. सातपैकी सहांनी हृदयगती 5 टक्क्यांच्या आत बरोबर दाखवली. कॅलरीच्या बाबतीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राचीही चूक सरासरी 27 टक्के निघाली आणि सगळ्यात वाईटाची 93 टक्के. ठोके बरोबर असूनही कॅलरी चुकल्या, हे लक्षात घ्या. चूक सेन्सरमध्ये कमी आणि ठोक्यांवरून कॅलरीकडे मारलेल्या उडीत जास्त होती.

म्हणून माझा आग्रह असतो की शरीराला किती कष्ट वाटले यापेक्षा शरीराने किती काम केलं ते मोजा. चालणं, धावणं, चढणं यांत ते काम तीनच गोष्टींवर ठरतं: तुमचं वजन, कापलेलं अंतर आणि चढलेली उंची. त्यासाठी लागतो वजनकाटा आणि अंतर मोजण्याची काही ना काही सोय.

आता आकडे. हे मी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या समीकरणांवरून सोपे करून घेतले आहेत, आणि पाठ करण्यासारखे आहेत. सपाटीवर चालताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे अर्धी कॅलरी. धावताना बरोबर दुप्पट, म्हणजे एक कॅलरी. आणि चढावर चालत असाल तर दर 100 मीटर उंचीला, दर किलोमागे 0.9 कॅलरी. हा सगळा निव्वळ खर्च आहे; म्हणजे नुसतं बसून राहिला असता तरी जे जळलं असतं ते यात धरलेलं नाही.

तुमचं उदाहरण घेऊ. ताशी 6 किलोमीटरने 40 मिनिटं म्हणजे 4 किलोमीटर. 70 × 4 × 0.5 = 140. चढ 5 टक्के, म्हणजे 4000 मीटरमध्ये 200 मीटर उंची. 70 × 2 × 0.9 = 126. बेरीज 266. बसल्या जागी दर तासाला किलोमागे साधारण एक कॅलरी जळते असं धरतात, म्हणजे 40 मिनिटांचे 47. तेही मिळवले की एकूण 313. समीकरणात थेट आकडे घातले तर 315.

तुमच्या दोन्ही यंत्रांनी घोळ कुठे घातला तेही याच गणितातून दिसतं. चढ शून्य धरून हेच गणित करा: 140 अधिक 47, म्हणजे 187. फोनने पावलं मोजली, अंतर बरोबर काढलं, पण ट्रेडमिलचा पट्टा वर उचललेला आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता. चढावरचं सगळं काम त्याच्या हिशोबातून गळालं. मशीनचं उलटं. 70च्या जागी 80 किलो घालून बघा, नेमके 360 येतात. वजन भरायचा पडदा तुम्ही घाईत पुढे ढकललेला असणार आणि मशीनने आपल्या मनाने एक वजन धरून घेतलं असणार. पुढच्या वेळी वजन भरा, फरक तिथल्या तिथे दिसेल.

हे आकडे कुठवर चालतात तेही सांगितलं पाहिजे. चालण्याचा अर्धा कॅलरीचा नियम ताशी 3 ते 6 किलोमीटरपर्यंत ठीक. त्याच्यापुढे चालणं भराभर महाग होत जातं. ताशी 7-8 किलोमीटरला चालत राहणं इतकं अवघड जातं की पाय आपोआप धावायला लागतात. धावण्याचा नियम ताशी 8 किलोमीटरच्या पुढे चांगला लागू पडतो आणि त्यात एक गंमत आहे: वेगाने फारसा फरक पडत नाही. 5 किलोमीटर 25 मिनिटांत धावा नाहीतर 35 मिनिटांत, 70 किलोच्या माणसाचे निव्वळ 350च्या आसपासच जातात. जोरात धावल्यावर मिनिटाला जास्त जळतात, पण मिनिटंही कमी लागतात. मैदान, रस्ता, पट्टा यांतला फरक या पातळीच्या अंदाजात सोडून द्यायला हरकत नाही. वाळू मात्र सोडू नका, तिथे चालण्याचा खर्च दुपटीच्याही पुढे जाऊ शकतो. पाठीवर सामान असेल तर त्याचे किलो आपल्या वजनात मिळवा. उताराचं वजा करत बसू नका. आणि हे सगळं धरूनही माणसामाणसात 10-15 टक्क्यांचा फरक राहतोच, त्यामुळे उत्तर दहाच्या पटीत लिहा. 266 लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता मिरवणं.

ट्रेडमिलच्या बाबतीत एक गोष्ट मी रोज बघतो. चढ 15 टक्के, वेग साडेपाच, आणि माणूस पुढचा दांडा दोन्ही मुठींत घट्ट धरून मागे रेललेला. पट्टा तिरका आणि शरीरही त्याच्याशी काटकोनात तिरकं, म्हणजे शरीराच्या हिशोबाने तो बराचसा सपाटीवरच चालतोय. वजनाचा काही भाग हातांनी मशीनवर टाकलेला तो वेगळाच. मशीन मात्र 15 टक्क्यांचं गणित इमानाने करत राहतं आणि 70 किलोच्या माणसाला मिनिटाला 13 कॅलरी दाखवतं. ‘दांडा सोडा’ म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला हात वेग कमी करायच्या बटणाकडे जातो. मास्क लावून मोजलं तरी तेच दिसतं, दांड्यावर भार टाकला की ऑक्सिजनचा वापर खाली येतो. चढाचं माझं सूत्र हात मोकळे असतील तरच वापरा. तोल सांभाळायला बोटं टेकवली तर चालतं, लोंबकळलात तर नाही.

पावलांवरून काढायचं असेल तर आधी पावलांचं अंतर करा. साधारण चालीत एका पावलाची लांबी उंचीच्या 0.41 ते 0.42 पट असते. 165 सेंटिमीटर उंचीला 68 सेंटिमीटर. म्हणजे 10,000 पावलं झाली 6.8 किलोमीटर. 70 किलोला निव्वळ 240. ‘दहा हजार पावलं म्हणजे 500 कॅलरी’ हे जे सर्रास सांगितलं जातं, ते एवढ्या वजनाच्या माणसाला लागू होत नाही.

सायकलचं गणित वजनावर कमी आणि जोरावर जास्त अवलंबून असतं. स्थिर सायकल वॉट दाखवत असेल तर तुमचं काम झालं: सरासरी वॉट गुणिले मिनिटं गुणिले 0.06 केलं की केलेलं काम किलोज्यूलमध्ये मिळतं, आणि तोच आकडा कॅलरी म्हणून वाचायचा. 100 वॉटने 40 मिनिटं म्हणजे 240 किलोज्यूल, म्हणजे सुमारे 240 कॅलरी. एकक बदलूनही आकडा तोच कसा? एका किलोकॅलरीत 4.184 किलोज्यूल असतात आणि सायकल मारताना स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी 20 ते 25 टक्केच पेडलपर्यंत पोचवतात. चारने भागायचं आणि चारने गुणायचं, दोन्ही एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. रस्त्यावरच्या सायकलीला मात्र अंतरावरून काढायला जाऊ नका. वारा समोरून आहे की मागून, एवढ्यानेच खर्च कुठल्या कुठे जातो. तिथे वेळ धरा आणि पुढे सांगतो तो तक्ता वापरा.

तक्ता म्हणजे मेटचा तक्ता. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे 1 मेट. 5 मेटचं काम म्हणजे त्याच्या पाचपट. शेकडो हालचालींचे मेट एकत्र केलेलं ‘कम्पेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज’ 1993 साली पहिल्यांदा निघालं आणि तेव्हापासून सुधारत आलंय. बहुतेक ॲपच्या पोटात त्यातलेच आकडे असतात. वापरायची रीत सोपी आहे: मेटमधून 1 वजा करा, त्याला वजनाने आणि तासांनी गुणा, निव्वळ कॅलरी मिळतात. तो एक वजा करायला बरेच लोक विसरतात आणि बसल्या जागेचा खर्च दोनदा मोजतात, एकदा दिवसाच्या हिशोबात आणि एकदा व्यायामाच्या. जोराच्या व्यायामात याने फार बिघडत नाही. पण अडीच मेटच्या योगासनांत तासाचा जो आकडा दिसतो, त्यातला 40 टक्के भाग तुम्ही सोफ्यावर बसूनही खर्च केला असता.

वजनं उचलण्याच्या दिवशी हाच तक्ता घ्यायचा. साधारण गतीने, सेटच्या मध्ये नीट विश्रांती घेऊन केलेल्या व्यायामाला 3.5 मेट आणि दम खाऊ न देता, जड वजनांनी केलेल्याला 6. तुमची 45 मिनिटं पहिल्या प्रकारची असतील तर 2.5 × 70 × 0.75, म्हणजे 130. कमी वाटतात ना? घड्याळ लावून बघा, 45 मिनिटांत डंबेल किंवा बार प्रत्यक्ष हातात किती वेळ असतो. बाकीचा वेळ दम घेण्यात, प्लेट बदलण्यात आणि बेंच रिकामा होण्याची वाट बघण्यात जातो. शिवाय इथे मॉनिटर असता तर त्याने तुम्हाला जास्तच फसवलं असतं. जड स्क्वॉटमध्ये श्वास रोखून, अंग आवळून जोर लावला की रक्तदाब आणि ठोके दोन्ही उसळतात, पण ऑक्सिजनचा वापर त्या मानाने वाढत नाही. नाडी 150 असताना धावणाऱ्याचा खर्च आणि नाडी 150 असताना सेट संपवून बाकावर बसलेल्याचा खर्च एक नसतो. वजनं उचलायची कारणं दुसरी आहेत, स्नायू आणि हाडं हे त्यातलं मोठं. कॅलरीसाठी म्हणून तो दिवस मोजूच नका, असं मी सांगतो.

व्यायामानंतर तासन्‌तास चरबी जळत राहते, असं जोरदार इंटरव्हलच्या, म्हणजे आलटून-पालटून जोरात आणि सावकाश केलेल्या व्यायामाच्या, नावाने सांगितलं जातं. व्यायाम थांबल्यावर ऑक्सिजनचा वापर काही काळ वाढलेला राहतो हे खरं, पण ती भर त्या व्यायामाच्या खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, दमदार सत्र असेल तर 15. धरली नाही तरी चालेल.

पोहण्यात अंतराचा भरवसा नाही. नवशिका माणूस 500 मीटरला जेवढं पाणी हाणतो, तेवढ्यात मुरलेला पोहणारा दुप्पट पलीकडे गेलेला असतो, कारण पाण्यात बहुतेक ऊर्जा अवरोध कापण्यात जाते आणि तो अवरोध तुमचं अंग किती आडवं आणि सरळ राहतं यावर ठरतो. तिथे वेळ धरा. बेताच्या गतीच्या फ्रीस्टाइलला 5.8 मेट, जोराच्या फ्रीस्टाइलला 9.8. अर्धा तास बेताच्या गतीला 4.8 × 70 × 0.5, म्हणजे 170. कठड्याला धरून गप्पा मारलेली मिनिटं आधी वजा करा. पोहणाऱ्यांच्या ‘एक तासा’त ती बरीच निघतात.

तक्त्यातली कुठली ओळ आपली, हा प्रश्न दर वेळी येतो. त्यासाठी बोलून बघा. पूर्ण वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तर मध्यम, म्हणजे 3 ते 6 मेटच्या पट्ट्यात. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर 6च्या वर. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची 6 ते 20ची श्रममापन पट्टीही आहे. तिचे आकडे असे बेतलेत की दहाने गुणल्यावर तरुण, निरोगी माणसाच्या हृदयगतीच्या जवळ जावं. पण या दोन्ही खुणा तुमच्या ताकदीच्या मानाने असतात, इथे जपून. बरीच वर्षं न हललेल्या माणसाला 4 मेटलाही धाप लागते आणि रोज धावणारा 9 मेटला गप्पा मारतो. पहिल्याची धाप खरी आहे, पण कॅलरी 4 मेटच्याच. म्हणून जिथे अंतर, उंची किंवा वॉट मिळतात तिथे तेच घ्या, आणि दमछाक बघा ती बाकीच्या व्यायामांना. घामाचा तर कॅलरीशी संबंधच जोडू नका. तो अंग गार ठेवायला येतो, आणि व्यायामानंतर काट्यावर कमी दिसलेलं पाऊण किलो हे जवळपास सगळं पाणी असतं.

1 मेट म्हणजे तासाला किलोमागे 1 कॅलरी, हे गृहीतकही थोडं सैल आहे. प्रत्यक्ष मोजणीत बऱ्याच प्रौढांचा विश्रांतीचा खर्च त्याहून कमी निघतो. चरबीचं प्रमाण जास्त असेल किंवा वय झालं असेल तर फरक वाढतो. अशा वेळी तक्त्याच्या आकड्यातून मी 15-20 टक्के सरळ काढून टाकतो.

राहिला तुम्ही न विचारलेला, पण या सगळ्याच्या मागे असलेला प्रश्न: या कॅलरी खाण्यात परत धरायच्या का? वजन कमी करायचं असेल तर निव्वळ आकड्याच्या निम्म्याहून जास्त धरू नका. एक तर अंदाजातली चूक बहुधा जास्तीच्या बाजूने असते. आणि शरीर व्यायामाचा काही भाग इतर वेळी कमी हालचाल करून, इतर खर्च आखडून भरून काढतं. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ हर्मन पॉन्झर आणि सहकाऱ्यांनी 2012 साली टांझानियातल्या हाद्झा या शिकार-संकलन करणाऱ्या लोकांचा दिवसाचा एकूण खर्च मोजला. दिवसभर पायपीट करणाऱ्या त्या लोकांचा खर्च, शरीराच्या आकाराचा फरक काढून टाकल्यावर, बैठ्या पाश्चात्त्य समाजातल्या लोकांपेक्षा वेगळा निघाला नाही. ‘म्हणजे व्यायाम फुकट’ असा अर्थ काही लोक काढतात, तो मला पटत नाही. पण 300 चाललो म्हणून 300 खाल्लं तर तेवढ्यास तेवढं, हा हिशोब मात्र त्यामुळे मोडतो.

आपला आकडा किती बरोबर हे घरीच पडताळता येतं. चार आठवडे खाणं आणि व्यायाम दोन्ही लिहा. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. रोजचं वजन पाण्याने हलतं, त्याच्याकडे बघू नका. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी धरतात. तुमची वही म्हणते रोज 300ची तूट. 28 दिवसांचे 8400, म्हणजे 1.1 किलो उतरायला हवं. उतरलं 0.6, म्हणजे खरी तूट रोज 165चीच. हे 135 खाण्यात निसटले की व्यायामात जास्त धरले, ते शोधत बसायची गरज नाही. तेवढे वजा करून पुढचा महिना चालवा. आणि काटा खाली आला की गणितातलं वजनही बदला: 64 किलो झालात की त्याच 40 मिनिटांचे, त्याच चढाचे, 266च्या जागी 243च उरतात.